सैल तारांची बॅट

गोंदियाला आमच्या अंगणाला लागूनच रेल्वे क्लबाचं टेनिसचं मैदान होतं. एक म्हातारे गृहस्थ तिथे रोज एकटेच खेळत. खांदा दुखावल्यामुळे त्यांचा चेंडू मधल्या जाळीपलीकडे जातच नसे. मग ते बॅटीच्या तारा सोडून आणखी सैल विणत आणि तळव्यानं दाबून बघत.

एकदा विड्या वळता वळता मी धीर करून विचारलं, "खाटेसारख्या सैल कायले करता जी?"

"हात थकला बाई माहा. आता ताराच फेकतीन."

त्यांनी हळूच टोला दिला. चेंडू जाळी, कुंपण, आमचं छप्पर ओलांडून राईस मिलच्या पत्र्यावर वाजला. ते बॅट डोक्यावर धरून गरगर नाचले. मी खदखदून हसले. परक्या माणसापुढे पदर तोंडाला लावायचा राहूनच गेला.