उशिरा येणाऱ्यांचा विषय

“तोंड शेवटी बघायचं,” असं ते म्हणायचे. दातांच्या डॉक्टरने असं म्हणावं याचं नव्या विद्यार्थ्यांना हसू यायचं. सर मात्र बोटाने हवेत खालून वर एक रेघ ओढत आणि क्रम सांगत. “आधी चपला. मग हात. मग चष्मा. मग बरोबर कोण आलंय ते. तोंड उघडायला सांगण्याआधी निम्मं कळलेलं असतं.”

त्या डेंटल कॉलेजच्या ऑफिसात मी अधीक्षक होते. आजी डाळीच्या डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या लावते असं तुमची आई तुम्हा नातवंडांना तिकडे हसून सांगत असेल. खरं आहे ते. एकदा मी मिठाच्या बरणीवरही तारीख लिहिली होती. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला समास सोडायला शिकवलं, तो मी अजून सोडते, किराणाच्या यादीलाही. अशा बाईला ऑफिस मिळालं की ऑफिसचं काय होतं, याची कल्पना करा.

सर पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी डबा खात होते. उभ्या उभ्याच म्हणाले, “बाई, डावीकडची दाढ किती दिवस दुखतेय?”

“माझी? छे.”

“पोळीचा घास उजवीकडे, भाजी उजवीकडे. डावी बाजू सुट्टीवर आहे.”

डॉक्टरांच्या हजेऱ्या लावणारी मी स्वतः पेशंटच्या खुर्चीत कधी बसले नव्हते, कारण मला भीती वाटायची. हे कोणाला सांगायचं? मी सरांना म्हटलं, “सवय आहे तशी.” ते म्हणाले, “असू दे,” आणि गेले. पुढच्या कित्येक वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त माझ्यासमोर कोणी चकली ठेवली, की ते ती हळूच आपल्याकडे ओढून घेत.

आता मुख्य गोष्ट. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नेहमीच्या विषयांखेरीज एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे. मुलं त्याला इलेक्टिव्ह म्हणत. कृत्रिम दात हाडात बसवणं, वाकडे दात सरळ करणं, हसू सुंदर करणं अशा विषयांवर सगळ्यांच्या उड्या पडत. सरांचा विषय होता वृद्धांचे दात. म्हणजे कवळ्या, सुकलेली तोंडं, थरथरणारे हात. तो पहिल्या पसंतीने कोणी घेतल्याचं मला आठवत नाही.

तरी वर्ग दरवर्षी भरायचा, आणि त्याचं श्रेय माझ्या एका नियमाला होतं. मुदतीनंतर फॉर्म देणाऱ्याला, जिथे जागा उरली असेल तिथे बसवायचं. जागा उरलेली असायची सरांकडे. झोपून राहिलेले, गावाला गेलेले, फॉर्म हरवलेले असे सहा-सात जण दरवर्षी त्यांच्या वाट्याला यायचे. मला त्यांची कीव यायची. सरांना नाही.

“उशिरा येणारी मुलं म्हाताऱ्यांना बरी,” ते म्हणत. “त्यांना कुठे पोचायची घाई नसते.”

मी एकदा विचारलं, “सर, तुम्ही इम्प्लँटचा वर्ग का घेत नाही? मुलं रांग लावतील.”

ते म्हणाले, “माझ्या आईची कवळी तीन वर्षं उशाशी डबीत होती, बाई. मी दातांचा डॉक्टर. आणि मला वाटायचं, तिला मऊ भातच आवडतो.”

त्यानंतर मी तो प्रश्न विचारला नाही.

मग एका वर्षी मला सुधारणा सुचली. फॉर्म मोबाइलवर भरायचा. आठवडाभर मुदत, शुक्रवारी पाच वाजता बंद, आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला आठवण. आता कोणी उशीर करणार नाही, असं मी प्राचार्यांना सांगितलं, तेव्हा माझी मान थोडी वरच होती. दुसरी सुधारणाही माझीच. पाचपेक्षा कमी मुलं आली तर विषय बंद. प्राचार्यांनी दोन्हींवर सही केली.

शुक्रवारी दुपारी मी यादी उघडली. जवळजवळ सगळ्यांचे फॉर्म वेळेत आले होते. फक्त दहा-बारा जण राहिले होते, आणि संध्याकाळची आठवण गेली की तेही भरणार होते. सरांच्या विषयापुढे शून्य होतं.

मी चष्मा पुसला. तरी शून्यच. सरांना निवृत्तीला दोन वर्षं होती. हा विषय त्यांनी स्वतः मागून सुरू केलेला. एकदा बंद पडला, की तो पुन्हा कोणी उघडणार नाही हे मला माहीत होतं. मी शिस्तीने, टप्प्याटप्प्याने आणि सहीशिक्क्यानिशी त्यांचा वर्ग रिकामा केला होता.

तेव्हा मी काय केलं ते ऐका. चार वाजता मी फॉर्म बंद करून टाकला. पाचऐवजी चार. उरलेले सगळे उशिराचे झाले, आणि नियमाप्रमाणे त्यांतले सात सरांकडे बसवले.

सव्वाचारला एक मुलगी दारात उभी. लहान चण, मोठा आवाज. “मॅडम, फॉर्म पाचला बंद होणार होता ना?”

“टेक्निकल इश्यू,” मी म्हटलं. नोकरीतलं माझं पहिलं खोटं, आणि तेही इंग्रजीत, म्हणजे जास्त खरं वाटावं म्हणून.

“पण तुमच्या मेसेजमध्ये पाच लिहिलंय. हे बघा.”

“स्क्रीनवर जे दिसतं तेच ग्राह्य धरलं जातं.”

तिने मोबाइल खिशात टाकला. “ओके मॅडम,” म्हणाली, पण त्या ओकेला धार होती.

सोमवारी सर यादी घेऊन आले. “सात! बाई, तुमच्या मोबाइलने एवढा छळ करूनही सात जण उशीर करतात. देशाला भवितव्य आहे.”

मी टाचण्यांची डबी नीट लावत होते. टाचण्यांची टोकं एका बाजूला करत होते, खरं तर. सर बोलायचे थांबले. माझ्या हातांकडे बघत होते.

“काय केलंत बाई?”

मी सांगितलं. सगळं, वेळेसकट. ते खुर्चीत बसले.

“म्हणजे ही मुलं उशिरा आलीच नाहीत.”

“पण सर, आधीची तरी कुठे स्वखुशीने येत होती?”

“आधीची आपल्या चुकीने येत होती. ही तुमच्या चुकीने आली.” मग एकदम हसले. “एक तास! अहो, निदान दहा मिनिटं तरी चोरायची. पहिल्याच चोरीत तास?”

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “विषय बंद पडेल, सर.”

“पडेल तर पडेल.”

त्या दिवशी वर्गात त्यांनी मुलांना खरं काय ते सांगितलं. चूक कोणाची हे सांगितलं नाही, म्हणून मी मागच्या बाकावरून उठून सांगितलं. उभी राहिले तेव्हा शाळेतल्यासारखे हात मागे बांधलेले होते हे नंतर लक्षात आलं. ज्याला हवं त्याला आपला मूळ विषय मिळेल, असं मी म्हटलं. पाच जण उठून गेले. त्यात गैर काहीच नव्हतं.

दोघं राहिले. एक वारज्याकडचा उंच मुलगा. सरांनी त्याला विचारलं, “तू का थांबलास?”

“सर, त्यांचा वर्ग सकाळी आठला हाय. तुमचा दुपारी हाय.”

“उत्तम कारण आहे. आणि आपण?”

दुसरी होती ती मोठ्या आवाजाची मुलगी. “मॅडम खोटं बोलल्या हे त्यांनी कबूल करावं, एवढंच मला हवं होतं,” ती म्हणाली. “आता राहते.”

दोन म्हणजे पाच नव्हेत. मी सरांकडे बघितलं. एक वर्ष सूट द्यावी, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते म्हणाले, “नियम तुमचाच आहे बाई. पाळा.” मी पाळला. विषय बंद झाल्याच्या कागदावर माझीच सही आहे. प्राचार्यांना मी कबुलीचं पत्रही दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या पत्रात खाडाखोड पहिल्यांदाच बघतोय.”

त्या दोघांची नावं दुसऱ्या विषयात घातली, परीक्षेपुरती. आणि सर त्यांना दर शनिवारी दुपारी वारज्याच्या एका वृद्धाश्रमात नेऊ लागले. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. तिसऱ्या शनिवारी मीही गेले. स्वारगेटहून बस धरली, पिशवीत नवी कोरी वही होती. जो वर्ग कागदावर नव्हता, त्याची हजेरी मी वर्षभर लिहिली. सरांनी एकदा वही बघितली. “छान समास सोडलाय,” एवढंच म्हणाले.

तिथे खुर्ची नव्हती, यंत्रं नव्हती. एक टॉर्च, छोटे आरसे, हातमोजे आणि कवळी टोचते तिथे घासून गुळगुळीत करायचं एक साधन. सर आजी-आजोबांना आधी बोलतं करायचे. मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, “सर, अर्धा तास झाला, आपण अजून तोंडच बघितलं नाही.” सर म्हणाले, “त्यांनीही अजून तुझं बघितलं नाही.”

एक दिवस पाऊस होता, फारसं कोणी उठलं नव्हतं. सरांनी त्या उंच मुलाला माझ्यासमोर बसवलं. “आज या पेशंट.” मी पिशवी छातीशी धरली. तो खाली वाकून माझे हात बघत म्हणाला, “आजी, भीती वाटती व्हय?”

तुम्ही दोघं नातवंडं बोलायला लागण्याआधी मला आजी म्हणणारा पहिला माणूस तो. मला इतका राग आला, की मी तोंड उघडलं, ते रागावण्यासाठी. त्याने तेवढ्यात दाढ बघून घेतली. पुढच्या आठवड्यात कॉलेजात ती काढली. दुखलं नाही. इतकी वर्षं मी एका बाजूने जेवले, हे उगाच.

वर्ष संपलं, मुलं पास झाली, पण शनिवार सुटला नाही. सर आणि मी पाठोपाठ निवृत्त झालो. मग एका गुरुवारी सकाळी त्यांच्या घरून फोन आला. झोपेतच गेले होते.

शनिवारी काय करायचं, हे आम्ही तिघांनी ठरवलं नव्हतं. तरी तिघंही पोचलो. आश्रमात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पांढरी स्वच्छ साडी, माझ्यापेक्षा सरळ पाठ. त्या सरांखेरीज कोणासमोर कवळी काढत नसत, तीही खोलीचं दार लावून, भिंतीकडे तोंड करून. आम्ही दारात दिसताच त्यांनी विचारलं, “सर कुठे आहेत?”

बसमध्ये मी एक नीट वाक्य तयार केलं होतं. आदराने, थोडक्यात सांगायचं.  मी वही उघडली आणि मिटली.

तो उंच मुलगा त्यांच्याजवळ गेला. “सर गेले, आजी. गुरुवारी.”

 खिडकीबाहेर कोणी तरी वाळत घातलेले कपडे काढत होतं, ते त्या बघत राहिल्या. मुलीने हातमोजे घातले नव्हते, टॉर्च लावला नव्हता. ती नुसती उभी होती. 

मग मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही जरा बाहेर थांबा.”

मी बाहेर आले. दार लावायचं राहिलं होतं, म्हणून लावायला वळले आणि थांबले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नव्हतं. हात वर नेऊन कवळी काढली आणि त्या मुलीच्या उघड्या तळहातावर ठेवली. त्यांचे गाल एकदम आत गेले. बोलताना शब्द पोकळ निघत होते, तरी मला स्पष्ट ऐकू आले.

“उजवीकडे टोचतंय. ते म्हणाले होते, या शनिवारी बघतो.”