डाव्या पायाची शिवण

मास्तरांच्या कातरीची चूक आजवर कुणी काढली नव्हती. काढली असती, तर त्या गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर त्यांनी चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवला असता. म्हणून साथीच्या तापातून उठून ते दुकानात आले आणि स्वतःच शिवलेली पॅन्ट डाव्या पोटरीला आवळू लागली, तेव्हा ते मनातून वरमले. दोष पायाचा असेल, हे त्यांना सुचलंच नाही. गुपचूप शिवण उसवून त्यांनी थोडं कापड सोडलं आणि नवी टीप मारली.

पॅन्ट पुन्हा आवळली.

"अहो, पाय सुजलाय," बायको म्हणाली.

"कापड आटलंय."

"एकाच पायाचं?"

मास्तर रागावले. पोटरी ठणकायला लागल्यावर मात्र त्यांनी मुकाट्यानं पाय पुढे केला. झोपून झोपून आखडला असेल, म्हणत बायको रोज तेल लावून तो रगडू लागली.

एके सकाळी दुकानाची पायरी चढतानाच त्यांना धाप लागली. आत जाऊन त्यांनी टेप काढली, दोन्ही पोटऱ्या मापल्या. मग पुन्हा मापल्या. एकच माप दोनदा घ्यायची वेळ त्यांच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती. बायकोला घेऊन त्यांनी थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून सांगितलं, "ताप गेला, पण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी करून गेला. तिचा तुकडा फुप्फुसात पोचलाय. लहान आहे, नशीब समजा. पाय चोळला नाहीत ना? दाबल्या-चोळल्यानं गुठळी सुटते."

बायकोनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

दवाखान्यात मास्तर खोकलासुद्धा गिळत पडून राहिले.

"औषध सुरू आहे. पाय हलवला तरी चालेल," नर्स म्हणाली.

"तुमचं चालेल हो. पाय माझा आहे."

आता ते घरी आहेत. सूज वाढतेय का, हे बघायला बायको रोज पोटरी मापते. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसतात. तिची बोटं कातडीला लागतच नाहीत. टेप नुसती लोंबते. ढिल्या टेपेनं माप जास्त भरतं, हे मास्तरांहून चांगलं कुणाला ठाऊक? शिकाऊ पोराला त्यांनी यासाठी कधीच हाकललं असतं.

"कालच्यापेक्षा जास्त आलंय हो," ती पुटपुटते.

'जरा आवळून धर,' एवढंच सांगायचं असतं. पण आवळ म्हणायला मास्तरांची जीभ रेटत नाही.