आठवी मागणी मी खोडली

अन्याय झाला तो आमच्या गावच्या शिटीबसच्या एका ड्रायव्हरवर, आणि तो झाला मंगळवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी. वेळ मी मनाची सांगत नाही, पालिकेच्या मेमोत तशीच छापली आहे. सात बावन्नला गाडी पोडाच्या फाट्यावर, म्हणजे जिथे थांबा नाही अशा ठिकाणी, चार मिनिटं उभी राहिली. 'विनाकारण', असं मेमो म्हणतो. नऊ वाजायच्या आत ड्रायव्हरच्या हातातून चावी काढून घेतली आणि त्यांना स्टँडवरच्या बाकावर बसवून ठेवलं.

कारण होतं. ते ड्रायव्हरला माहीत होतं, कंडक्टरला माहीत होतं, गाडीतल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. फक्त कागदावर ते नव्हतं. आणि कागद मी लिहिला होता.

यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आमचं. पालिकेच्या मोजक्या गाड्या गावातून निघतात, वणीच्या रस्त्यानं खाणीकडच्या वस्तीपर्यंत जातात आणि परत येतात. चालवणारे सगळे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं, मग नवी ऑर्डर. दिली तर! यंदा पहिल्यांदाच पालिका कर्मचाऱ्यांसोबत बसून लेखी करार करायला तयार झाली होती. त्यांच्या संघटनेनं मागणीपत्र लिहायला मला बोलावलं, कारण मला पत्रकं लिहिता येतात. कापसाच्या जिनिंगमधल्या बायांची मी लिहिली, अंगणवाडीच्या मदतनिसांची लिहिली. उद्गारचिन्ह कुठं ठोकायचं ते मला झोपेतही कळतं.

स्टँडमागच्या टपरीत आम्ही बसलो. ड्यूटी गाडी गेटाबाहेर पडल्यापासून नाही, टायर-पाणी बघायला हात लावल्यापासून मोजा. शेवटच्या थांब्यावर बायांसाठी संडास बांधा. मधला एक दिवसाचा खंड बंद करा. आठवड्याची सुट्टी ठरलेल्या वारी द्या. अशा सात मागण्या झाल्या. एकेक लिहिली की मी मोठ्यानं वाचायची आणि सगळे माना डोलवायचे. छान चाललं होतं.

काका तेवढे गप्प होते. काका म्हणजे हेच ड्रायव्हर. वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून संघटनेत सगळे त्यांना काकाच म्हणतात. चहा संपल्यावर म्हणाले, "पोरी, एक अजून लिही. हात दिसला तं थांबू द्या."

"कोणाचा हात?"

"कोणाचाबी. जो वावरातून येऊन राह्यला त्याचा."

ही रीत त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ती रस्त्यापासून आत आहे. तिथून आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं कपाशीच्या वावरातल्या पायवाटेनं फाट्यावर येतात. गाडी दिसली आणि आपण लांब आहोत असं वाटलं, की दुपट्टा वर करून हलवायचा. ड्रायव्हर एकदा हॉर्न मारतो. म्हणजे दिसलास, पळू नको, ये. एवढंच.

"काका," मी म्हटलं, "ही प्रवाशांची मागणी झाली. आपण कामगारांच्या लिहून राह्यलो."

"गाडी थांबवते कोण? मीच ना?"

कंडक्टर बाई हसायला लागल्या. "काका, सुट्टी मांगा, कपडे मांगा. थांबाले कोणी मांगते का?"

"ते मशीन बसवलं ना आता गाडीत. पह्यले कोणी पाहत नोतं. आता ते पाह्यते."

मशीन म्हणजे जीपीएस. कार्यालयातल्या पडद्यावर प्रत्येक गाडीचा हिरवा ठिपका दिसतो आणि थांबा सोडून दुसरीकडे गाडी उभी राहिली की तो लाल होतो. काका हे सांगत होते तेव्हा मी ऐकत नव्हते. मी आठवी ओळ लिहिली होती, ती वाचून पाहिली आणि मला तिची लाज वाटली. हात दिसला तर थांबू द्या! पालिकेतले साहेब हसतील, म्हणतील, हे काय मागणं आहे? आमच्या सात भक्कम मागण्या त्या हसण्यात वाहून जातील. मी त्या ओळीवरून पेन फिरवला.

"बरं," काका म्हणाले. "तू शिकेल आहे."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले असते.

पहिल्या दोन बैठका चांगल्या झाल्या. मुख्याधिकारी साहेब तरुण आहेत, परीक्षा देऊन आलेले, नगरच्या बाजूचे. मी त्यांच्याविषयी वाईट लिहायचं ठरवूनच गेले होते, पण माणूस ऐकून घेतो. संडासाच्या मागणीवर त्यांनी विचारलं, "आत्ता काय करतात मग?" कंडक्टर बाई म्हणाल्या, "पाणी पेत नाई साहेब." साहेब कारकुनाकडे वळून म्हणाले, "मान्य, असं लिहा."

आणि मग तो मंगळवार आला.

मंगळवार, गुरुवार, शनिवार पोडाच्या अलीकडच्या गावातली एक मावशी डायलिसिसला सरकारी दवाखान्यात जाते. तिला चालवत नाही. दहा पावलं टाकली की उभी राहते. त्या दिवशी पायवाटेवर तिचा दुपट्टा दिसला, काकांनी हॉर्न मारला आणि थांबले. मशीन आहे हे विसरले नव्हते ते. कंडक्टर बाई म्हणाल्याही होत्या, "काका, लाल होईन." काका म्हणाले, "होऊ दे. तिचं रक्त धुवाचं हाये आज."

चावी काढून घेतल्याचं कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'थांबण्याच्या गुन्ह्यासाठी चावी काढून घेतली!!' दोन उद्गारचिन्हं. बुधवारी सकाळी मी स्वतः फाट्यावर उभी राहून ते वाटलं, आतल्या गावात घरोघर दिलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी नीट ऐकलं. एका आजीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, जिंकलो.

गुरुवारी पालिकेचा कारकून चौकशीला फाट्यावर आला. त्यानं दिसेल त्याला एकच विचारलं, "बस तुमच्यासाठी इथं थांबते का?"

सगळ्यांनी सांगितलं, नाही. एकजात सगळ्यांनी! "नाई बाप्पा, कधीच नाई." "आमी तं थांब्यावरच जातो." मावशीनं तर कमाल केली. म्हणाली, "मी घंटाभर आधीच थांब्यावर येऊन उभी राह्यतो. गाडीले कायले थांबा लागते?"

थांबणं हा गुन्हा आहे, हे त्यांना मीच तर घरोघर जाऊन सांगितलं होतं. मग ज्या माणसानं त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं गाडी थांबवली, त्याच्यावर गुन्हा कसा येऊ देतील ते? वाचवलं त्यांनी काकांना, आपल्या परीनं. आणि चौकशीच्या कागदावर उरलं ते असं, की एक ड्रायव्हर कोणीही नसलेल्या फाट्यावर चार मिनिटं उगाच उभा होता.

तिसऱ्या बैठकीत साहेबांनी तो अहवाल वाचला. मग आमचं मागणीपत्र पुढं ओढलं.

"ही जर नेहमीची पद्धत होती, तर तुमच्या मागणीपत्रात एका शब्दानं का नाही? सात मागण्या आहेत. यात कुठं आहे थांबण्याचं?"

मी पिशवीतून वही काढली. ते पान उघडून टेबलावर ठेवलं. सात ओळी आणि खाली आठवी, आडवी रेघ मारलेली, तरी वाचता येत होती.

"कोणी खोडली?"

"मी."

काका लगेच उभे राहिले. "पोरीची चूक नाई साहेब. मीच म्हटलं, राहू दे म्हणून."

"काका, खोटं नका बोलू!"

"तू चूप राह्य वं."

"सगळेच तुम्हाला वाचवायला खोटं बोलून राह्यले आणि आता तुम्ही मला वाचवता! मी खोडली साहेब. मला ती मागणी हलकी वाटली. ती सगळ्यांत भारी होती, हे मला कळलं नाही."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. साहेब त्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "मला पटतंय. पण मला पटून चालत नाही. करारात घालायचं, तर ही चालत आलेली प्रथा आहे हे दिसलं पाहिजे. लोकांचे जबाब आणा. खरे."

शनिवारी मी दवाखान्यात गेले. मावशी डायलिसिस होऊन व्हरांड्यात बसली होती, हातावर पट्टी होती.

"मावशी, खोटं काहून सांगितलं?"

"मंग काय त्याची नोकरी घालवू?"

"तुमच्या खोट्यानंच चालली आहे ती."

"म्हणजे मी खरं सांगतलं तं तो वाचते?"

"वाचू शकतो."

"अन् नाई वाचला तं?"

मी पहिल्यांदाच उत्तर बनवून सांगितलं नाही. म्हटलं, "मावशी, ठाऊक नाही."

"आण कागद," ती म्हणाली. मी लिहायला लागले तर तिनं पेन काढून घेतला. "तुई भाषा नोको. मले सही येते अन् लिहिताबी येते." चार ओळी लिहायला तिला बराच वेळ लागला. गाडी थांबते, मी येईपर्यंत थांबते, नाही थांबली तर मी मरतो. एकही उद्गारचिन्ह नव्हतं. एवढं चांगलं पत्रक मी आजवर लिहिलेलं नाही.

सोमवारी तो कागद साहेबांना दिला. त्यांनी दोनदा वाचला. "एकीसाठी थांबला तर ती मेहेरबानी होते," ते म्हणाले. "सगळ्यांसाठी थांबतो हे दिसलं, तरच ती प्रथा. एका कागदाच्या जोरावर मी करारात कलम घालू शकत नाही."

मला राग आला. अजूनही आहे. पण त्यांनी सात मागण्यांवर सही केली आणि आठवीसाठी पुढची बैठक लावून दिली. काकांची ऑर्डर या महिन्याच्या शेवटी संपते. तोवर कलम आलं, तर चार मिनिटांचा मेमो रद्द होतो आणि नवी ऑर्डर निघते. नाही आलं, तर मेमो राहतो, आणि मेमो असलेल्या माणसाला नवी ऑर्डर कोणी देत नाही. काका रोज सकाळी अंघोळ करून, युनिफॉर्म घालून स्टँडवर येतात. मी म्हटलं, "काका, घरी का नाही बसत?" तर म्हणाले, "घरी हॉर्न आयकू येते."

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे, जे या रस्त्यानं जाता त्यांच्यासाठी. फाट्यावर माल घेऊन येणाऱ्या बाया, कॉलेजला जाणारी पोरं, खाणीवर कामाला जाणारे, सगळ्यांसाठी. आतापर्यंत तीन कागद आले आहेत. तुम्ही तीनच जण होता का त्या वावरातून पळत येणारे? तुम्हाला वाटतं, माझ्यासाठी थांबला ती माझी आणि त्याची गोष्ट, बोभाटा कशाला. तुमचं हे चांगुलपण त्या माणसाच्या पोटावर येतं आहे.

गप्प राहून त्यांना वाचवू नका. माझ्या पत्रकाची वाट बघू नका, तुमच्या कागदात मी काही लिहिणार नाही. तुमच्या हातानं, तुमच्या बोलीत, गाडी कुठं थांबली आणि तुम्ही कुठं चालला होता तेवढं लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या कोणाला सांगून लिहून घ्या आणि अंगठा द्या. महिना संपायच्या आत तो कागद घेऊन पालिकेत स्वतः जा, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून पोच मागून घ्या.