पाळीआड गेलेला आवाज

मोहाडीहून निघालो तेव्हा गाड्या दोन होत्या. पुढच्या पिकअपमध्ये दिनू ड्रायव्हर, माझी भाची विमल आणि मी. मागे, ऑक्सिजनने फुगवलेल्या प्लास्टिकच्या थैल्यांत माशांचं बीज, म्हणजे इवली इवली पिल्लं. दुसऱ्या गाडीत विमलचा नवरा सदाशिव, ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन. जायचं होतं नाकाडोंगरीच्या बाजूला, जंगलालगतच्या एका तलावावर. तो तलाव यंदा पहिल्यांदाच विमलच्या बायकांच्या गटाला मासे पाळायला मिळालेला. बीज मेलं तर पुन्हा कोण देणार? मी आपली शहापूरहून चार दिवस राहायला आलेली, पण मलाही धाकधूक लागली बघा.

तिकडे मोबाईल लागत नाही, म्हणून दोन्ही गाड्यांत बिनतारी संच बसवलेले, टपावर काठीसारखी एरियल. तुमसरपर्यंत नवराबायकोचं बोलणं मजेत चाललं. विमलने मला भात आणि सुकटीची चटणी वाढली. धावत्या गाडीत खाल्ली, अर्धी लुगड्यावर. पुढे धानाच्या पोत्यांनी उंच लादलेला ट्रक दोन गाड्यांच्या मध्ये घुसला आणि सदाशिवचा आवाज तुटायला लागला. मला वाटलं संच बिघडला. दिनू म्हणाला, ट्रक आडवा आला की असंच होते, आवाज त्याच्यावरच आपटून राहते. ट्रक जरा बाजूला झाला की शब्द दोन शब्द येत, पुन्हा खरखर. त्यात रेल्वेचं फाटक पडलं. आम्ही निघून आलो, ट्रक आणि सदाशिव पलीकडेच राहिले.

श्रावणातलं ऊन चटचट लागत होतं. थैल्या ढिल्या पडू लागल्या. बीज नेणारं माणूस आधी सावली शोधतं. विमलने दिनूला कच्च्या रस्त्याने आत वळायला लावलं, एका तलावाच्या पाळीखाली (मातीच्या उंच बांधाखाली), मोहाच्या गर्द झाडांत. सावली झकास. पण संचात आता खरखरसुद्धा नाही.

“वयनी, ही पाळ आडवी येऊन राहिली,” दिनू म्हणाला. “गाडी वर चढवा लागते. भाऊ पुढं निघून गेले त?”

“वर ऊन आहे. बीज घेऊन नाही जायचं.”

दोघांचंही खरं. मी म्हटलं, मग बीज इथंच राहू द्या, गाडीच जाऊ द्या. पाळीखालून पाट वाहत होता, थंडगार. आम्ही एकेक थैली त्यात ठेवू लागलो. तेवढ्यात बांधीतून (भाताच्या खाचरातून) एक म्हातारे शेतकरी आले, पाट कायले अडवता म्हणून रागावलेले. विमलने थैली वर धरून दाखवली. ते पाहत राहिले.

“फुटली त माह्या बांधीत मासोळ्या होतील.”

“होऊ द्या जी, पयली भाजी तुमची,” विमल म्हणाली.

त्यांनी धोतर खोचलं आणि थैल्यांना हात लावला.

बैलगाडीच्या वाटेने दिनू रिकामी गाडी घेऊन पाळीवर चढला. लागला, लागला, अशी त्याची ओरड आली. सदाशिव वळण सोडून पुढे गेला होता, पण फार नाही. थोड्या वेळात चिखल उडवत आला. नळी लावून थैल्या पुन्हा फुगवल्या. दोन थैल्यांतलं बीज मात्र पांढरं पडून तळाशी बसलं होतं. विमलने त्या बाजूला ठेवल्या.

नाकाडोंगरीकडच्या आपल्या तलावावर गटातल्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्याच होत्या. थैल्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. बीज एकदम जात नाही. तिथंच जरा घोटाळतं आणि मग दिसेनासं होतं.

परतताना गाड्या लागोपाठ होत्या, मध्ये कोणी नाही. सदाशिवने दोनदा हाक मारली. विमलने माईक मांडीवरच धरून ठेवला. ज्याचं त्याने बोलावं. तुमसर मागे पडलं तेव्हा तिने बटण दाबलं.

“आयकता का जी? दोन थैल्या गेल्या.”

“मले माहीत आहे. पाह्यल्या म्या.”

“बाकीचं बीज पळालं नं?”

“पळालं. डोळ्यानं पाह्यलं.”

मग पुढच्या वर्षी बीज पहाटे न्यायचं की दिवस बुडताना, यावर दोघं मोहाडीपर्यंत भांडत आले. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.