कूलरसमोरचा कॉम्प्युटर

आधी कबुली. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर मीच बिघडवला, टायपिस्टनं नव्हे. अकोल्याच्या कोर्टात साक्षीदारांना "हो की नाही, एवढंच सांगा" म्हणून दरडावणाऱ्या मला, वकिलाला, हे एक वाक्य बोलायला तीन आठवडे लागले.

एप्रिलमध्ये कॉम्प्युटर चालता चालता बंद पडू लागला. निळा पडदा, मग काळा, मग आपोआप सुरू. मी तज्ज्ञासारखं निदान केलं, तापतोय. डब्याची एक बाजू उघडली आणि टायपिस्टकडे असलेलं कूलरचं तोंड थेट त्या उघड्या डब्याकडे वळवलं. पन्नाशी ओलांडलेला तो गृहस्थ खांद्यावरच्या दुपट्ट्यानं घाम पुसत टाइप करायचा आणि मशीन गार हवा खायचं.

बंद पडणं वाढलं, तेव्हा माझा संशय मशीनवरून माणसावर गेला. एका अपिलाचा मसुदा मुदतीच्या शेवटच्या दिवशी उडाला. समोर पक्षकार बसलेले.

"तुमच्या पेन ड्राइव्हनंच व्हायरस आणला," मी म्हणालो.

"सायेब, त्यात भजनं हायेत."

"मग भजनातूनच आला असेल."

पक्षकार हसले. विनोद जमल्याचं मला समाधानही वाटलं.

"भरोसाच नाई, तं थांबू कायले?" म्हणत त्यानं दुपट्टा उचलला. सतरा वर्षं माझ्याकडे होता. मी थांबा म्हणालो नाही.

मशीन अमरावतीला एका दुरुस्तीवालीकडे नेलं. व्हायरस सापडला नाही. तिनं पॉवर सप्लाय बदलून पाहिला, रॅमच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. मग मदरबोर्ड उजेडात धरला. रॅमच्या खाचांत पांढरा थर साचला होता.

"काका, कूलरमधी बोअरचं पानी टाकता का?"

"हो. हवा डब्यात जावी म्हणून समोरच ठेवला होता."

"खारपाणपट्ट्यातलं खारं पानी, अन् उघडा डबा! हवेसंगं मीठच आत गेलं. लोनचं घालून राहिले होते का?"

मूळचा बिघाड मशीनच्या पंख्यात अडकलेल्या धुळीचा होता. एक ब्रश पुरला असता.

इकडे पेन ड्राइव्हची गोष्ट कोर्टभर झाली होती. कोणताही वकील टायपिस्टला मशीनला हात लावू देईना. तो आवारात जुना टाइपरायटर घेऊन बसू लागला. सत्य खिशात घालून मी त्याच्या टेबलाला वळसा घालून जायचो. उन्हात चालणं प्रकृतीला चांगलं, अशी स्वतःची समजूतही काढली.

शेवटी एका दुपारी, बाजूलाच चार वकील चहा पीत उभे असताना, मी त्याच्यासमोर जाऊन थांबलो. त्यानं मान वर न करता कागद चढवला.

"काय टाइप करू, सायेब?"

"काही नाही," मी चौघांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मशीन तुम्ही बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं. हे कळूनही गप्प बसलो, तुमचं काम जाऊ दिलं. मला माफ करा."