साडभाऊंचा अर्धा तास

खाणं या विषयावर आमच्या साडभाऊंइतका अधिकार असलेला माणूस उभ्या नागपुरात दुसरा नाही, आणि असलाच तर त्यालाही कधीतरी साडभाऊंनीच जेवायला शिकवलं असेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडभाऊ म्हणतो, ते मला साडभाऊ म्हणतात, आणि आमच्या दोघांच्या बायका या प्रेमाकडे संशयाने पाहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लकडगंजातल्या एका आरा मशीनवर लाकूड पारखण्यात घालवली. सागवानाच्या ओंडक्याला कान लावायचा, बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची आणि आतून पोकळ आहे की भरीव ते सांगायचं, हे त्यांचं काम. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "डोये फसवते साडभाऊ, कान नाही फसवत," असं ते बजावून सांगत. हाच नियम ते पापडालाही लावत. ताटात पापड आला की आधी तो कानाशी नेऊन मोडायचा, आवाज पसंत पडला तरच खायचा, नाहीतर मुकाट्याने बायकोच्या ताटात सारायचा. आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, संसारात एकही कुरकुरीत पापड खाल्ला नसावा असा माझा अंदाज आहे.

जेवताना ते अखंड बोलत, आणि बोलण्याचा विषय समोरचं जेवण कधीच नसे. वांग्याचं भरीत खाताना ते पूर्वी कुठल्याशा गावी खाल्लेल्या पाटवडीची आठवण काढत आणि पाटवडी खाताना त्या भरताची. त्यामुळे त्यांच्या पंगतीला बसलं की एका वेळी दोन जेवणं होत. माझं पोट जन्मापासून नाजूक. मऊ भात, वरण, वर चमचाभर तूप, एवढ्यावर मी सुखी असतो. सासुरवाडीला पहिल्या दिवाळीला माझं हे ताट पाहून साडभाऊ इतके अस्वस्थ झाले की त्यांचा स्वतःचा घास हातात राहिला. "काहून साडभाऊ, तुम्ही जेवून राहिले का औषध घेऊन राहिले?" सगळी पंगत हसली, माझी नवी नवरीसुद्धा. त्यानंतर तीस वर्षं हा प्रश्न त्यांनी मला प्रत्येक सणाला विचारला. मी दर वेळी कसनुसा हसलो आणि दर वेळी मनातून चिडलो, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्या नात्यागोत्यातल्या लग्नात एक रिवाज आपोआप पडून गेला होता. पाटवडीच्या रश्श्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, साडभाऊंनी चाखल्याशिवाय चुलीवरून खाली येत नसे. आचारी पळीभर रस्सा त्यांच्या तळहातावर ओतायचा. ते तो ओढायचे, डोळे मिटायचे आणि वर मांडवाच्या कापडाकडे तोंड करून उभे राहायचे. रस्सा जमला असेल तर ते फक्त म्हणायचे, "उतरव गा." जमला नसेल तर काहीच न बोलता प्यायला पाणी मागायचे. त्यांनी पाणी मागितलं की आचारी मिठाच्या डब्याकडे धावायचा. नंदनवनातल्या एका लग्नात त्यांना उन्हामुळे खरोखरच तहान लागली, पाणी मागितलं, आणि आचाऱ्याने अर्धा गंज मीठ, मसाला, पुन्हा मीठ असा दुरुस्त करून पार वाया घालवला. त्या वऱ्हाडाने मग कढीवर भागवलं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने पहिला फोन साडभाऊंना केला होता. "मोठे बाबा, रस्सा तुम्हीच चाखायचा." "मग काय शेजारचा चाखीन?" ते म्हणाले.

दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, जीभ जरा जड राहिली, पण गिळणं गेलं. नाकातून नळी आली. ती निघाली त्या दिवशी मी मोठ्या हौसेने संत्र्याचा ताजा रस घेऊन गेलो. मीच नव्हे, आमचं सगळं गोत तेच करत होतं. कोणी नारळपाणी आणत होतं, कोणी वरणाचं पाणी. पातळ ते सोपं, गळ्यातून आपोआप खाली जातं, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. साडभाऊंनी दोन घोट घेतले आणि असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. रस गेला होता श्वासाच्या वाटेने. चार दिवस ताप, छातीत कफ, आणि नळी पुन्हा नाकात. तो पेला मी नेला होता. तीस वर्षांची थट्टा त्या चार दिवसांत माझ्याकडून अशी फिटावी याची मला इतकी लाज वाटली की मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसून राहायचो, वर जायचो नाही. चौथ्या दिवशी ताई खाली आल्या आणि म्हणाल्या, "चला वर. विचारून राहिले ते, आमचे साडभाऊ कुठं गेले म्हणून."

मग त्यांच्या आयुष्यात गिळायला शिकवणाऱ्या मॅडम आल्या. हुडकेश्वरहून स्कूटीवर येणारी, आमच्या मुलीच्याच वयाची पोरगी, पण शिस्त हेडमास्तरणीची. तिने नळी काढवली आणि डॉक्टरांची अट सांगितली: महिनाभर तोंडाने पुरेसं जेवून दाखवायचं. वजन घसरलं किंवा छातीत पुन्हा गडबड झाली, तर या खेपेला नळी थेट पोटातून. पाणीसुद्धा पूड घालून घट्ट केल्याशिवाय प्यायचं नाही. ताठ बसायचं, छोटा चमचा, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, मग एकदा रिकामंच गिळायचं, मग "आ" म्हणायचं. आवाज ओला, घशात काही घोळल्यासारखा आला तर थांबायचं. जेवताना बोलायचं नाही. जेवल्यावर अर्धा तास ताठच बसायचं. ही यादी ऐकताना साडभाऊ भिंतीकडे पाहत होते. जेवताना बोलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी डोळेच मिटले.

पहिला आठवडा वाईट गेला. ताई बिचाऱ्या भात, भाजी, वरण, पोळी सगळं एका मिक्सरमधून फिरवून वाटीत देत, आणि साडभाऊ दोन चमच्यांवर तोंड फिरवत. "याले जेवण नाही म्हणत वं. याले गारा म्हणते. भिंतीले लाव." वजन दोन किलो उतरलं. ताई स्वयंपाकघरात रडत आणि बाहेर येऊन रागावत. मी समोर बसून होतो, आणि मला पहिल्यांदाच कळलं की हा माणूस हट्टाने उपाशी राहत नाहीये. आयुष्यभर जे ओळखत आला ते त्याला वाटीत ओळखू येत नव्हतं. मी मॅडमना भीतभीत विचारलं, सगळं एकत्रच वाटलं पाहिजे असं काही आहे का? त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. वेगवेगळं करा. गुठळी नको, बी नको, साल नको, सुटं पाणी नको. एवढं सांभाळून काय हवं ते खाऊ दे."

साडभाऊंनी मान आमच्याकडे वळवली. त्या दिवसापासून ते पुन्हा कामावर रुजू झाले असंच मी म्हणतो. मॅडमनी घट्टपणाच्या पायऱ्यांचा एक तक्ता आणला होता, आकडे घातलेला. साडभाऊंनी तो पाहून नापसंत केला आणि जड जिभेने नवा सांगितला: कढी, घट्ट कढी, पिठलं, घोटलेला शिरा. "कढी बंद. पिठलं चालते. असं सांग न बाई, तीन नंबर काय सांगतं?" मॅडम हसल्या, पण पुढच्या खेपेला त्यांनीच विचारलं, "काका, आज पिठलं की घट्ट कढी?" मग भरीत आलं, बिया चाळून, वर लोण्याचा गोळा विरघळवून. हिवाळ्यातल्या हिरव्या तुरीच्या सोल्यांची भाजी आली, वाटून, गाळून, पुन्हा तुपात परतून. मुगाच्या खिचडीतून ताईंनी डाव असा फिरवला की शीत सापडेना. पण प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत आणि प्रत्येकाला त्याचाच वास. "आ" म्हणून आवाज तपासायचा प्रकार तर त्यांना विशेष आवडला. "म्हणजे टकटकच झाली न, साडभाऊ! आतून भरीव का पोकळ." ते अजून दोन पावलं चालून दमत, पण "आ" मात्र असा खणखणीत लावत की शेजारच्या घरातलं कुत्रं उत्तर देई.

मुलीचं लग्न आलं तेव्हा डॉक्टरांचा महिना भरायला आठ दिवस उरले होते. सकाळी मांडवामागे चूल पेटली, रस्सा उकळला, आणि आचारी हात बांधून उभा राहिला. "भाऊ चाखत नाही तवरी मी गंज नाही उतरवत." ताई उसळल्या. "चवीपायी आता काय पोटात नळी घालून घ्यायची आहे का?" साडभाऊ खुर्चीत ताठ बसून होते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. तो संत्र्याच्या रसाचा पेला मला आठवला. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, पिठल्याइतकं घट्ट असेल, गाळलेलं असेल, तिखट बेताचं असेल, तर तीन छोटे चमचे, तेही मन शांत असताना. यावर आचाऱ्यानेच डोकं लढवलं. पाटवडी म्हणजे मुळात थापलेलं पिठलं. त्याने वरची लाल तर्री बाजूला सारली, खालचा रस्सा गाळून घेतला, कोथिंबीर-खोबरं न लावलेल्या दोन कोऱ्या वड्या त्यात कुस्करल्या आणि रवीने घोटघोट घोटल्या. चमचा उलटा केला तर लगेच पडेना, असं झाल्यावर त्याने वाटी पुढे केली.

वऱ्हाडी मंडळी भोवती गोळा झाली. नवरी मुलगी हळदीच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. साडभाऊंनी चमचा तोंडात घेतला, जिभेवर फिरवला, डोळे मिटले. मांडवाच्या कापडाकडे मात्र त्यांनी तोंड केलं नाही. हनुवटी छातीशी नेली आणि गिळलं. मग एकदा रिकामंच गिळलं. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो. ते तोंड उघडून म्हणाले, "आऽऽ." कोरडा, स्वच्छ आवाज. ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उमटला. साडभाऊंनी आणखी दोन चमचे तसेच, तितक्याच सावकाश घेतले, शेवटचा "आ" झाला, आणि मग आचाऱ्याकडे वळून म्हणाले, "उतरव गा." आचाऱ्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. माझी मुलगी बिदाईत जेवढी रडली नाही तेवढी तिथे रडली, आणि मीही.

पुढे अर्धा तास त्यांना ताठ बसणं भाग होतं. पंगत बसली, नवरीचा बाप म्हणून मला शंभर कामं होती, पण मी ताट घेऊन दहा मिनिटं त्यांच्यापाशी जाऊन बसलो. ताटात वडाभात होता. "वडा कसा झाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चांगला. "चांगला म्हणजे? कुरकुरीत आहे का?" मी म्हटलं, असेल. "असेल? तोंड तुमचं आहे का शेजाऱ्याचं?" तीस वर्षं त्यांच्याशेजारी बसून मी काय खाल्लं ते मला सांगता येईना. मग त्यांनी मान माझ्याकडे झुकवली आणि हळूच म्हणाले, "इकडे सरका. कानाजवळ खाऊन दाखवा." मी सरकलो आणि वडा चावला. ते डोळे मिटून ऐकत होते. "डाळ जरा बारीक वाटली," ते म्हणाले, "पण तळला चांगला."

महिना भरला, वजन अर्ध्या किलोने वाढलं आणि पोटातली नळी टळली. मॅडम आता पंधरवड्यातून एकदाच येतात. पूर्वीचं जेवण परत येईल का, हे मी त्यांना एकदा दाराबाहेर विचारलं. त्या म्हणाल्या, थोडं येईल. पापड मात्र नाही. साडभाऊंना हे कोणी सांगितलेलं नाही, पण ज्यांनी आयुष्य आवाज ऐकण्यात काढलं त्यांना ते कळल्याशिवाय कसं राहील?

म्हणून दर रविवारी दुपारी मी नंदनवनात त्यांच्या घरी जातो. ते जेवत असताना मी गप्प बसतो. जेवण झालं की त्यांचा अर्धा तास सुरू होतो, आणि तो माझा असतो. आठवडाभर काय खाल्लं ते मी सांगतो. त्यासाठी हल्ली मी लक्ष देऊन जेवतो, बायकोला फोडणीत काय घातलं ते विचारतो, आणि तिला वाटतं मला काहीतरी झालंय. मग ताई पापड भाजून आणतात. साडभाऊ तो स्वतःच्या कानाशी मोडतात, पसंत पडला तर तुकडा माझ्या हातात देतात, आणि मी त्यांच्या कानाशी बसून तो खातो. पोटाला झेपत नाही, सोमवार वाईट जातो, पण खातो.

गेल्या रविवारी असाच खात होतो. ते डोळे मिटून म्हणाले, "साडभाऊ, तुमचा मऊ भात काही वाईट नसते. मी उगीच हसलो इतके वर्षं." माझ्या तोंडात पापड होता, आणि तो मला ना चावता येईना ना गिळता. आवाज थांबलेला त्यांना ऐकू आला. डोळे न उघडताच त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली.

"सावकाश खा," ते म्हणाले. "अर्धा तास आहे न अजून."