एक मेंढरू कमी

मेंढीटीचर टेबलाखाली गुडघ्यांवर बसून बें बें करत होती, आणि एक पोरगी तिच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल धरून तिला बाहेर ओढत होती. तेवढ्यात दारात मोठ्या बाईंचे बूट येऊन थांबले. बुटांच्या वरच्या मोठ्या बाई टेबलाखालून दिसत नव्हत्या, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं.

"बाहेर या," बूट म्हणाले. "शुक्रवारी चर्चची कमिटी येतेय. सेक्रेटरीसाहेब स्वतः बघणार आहेत, पोरं इथे शिकतात की नुसती लोळतात. लोळत असतील तर चटया जाणार, बाक येणार."

"आणि मी?"

"बाकावर बसवून पाटी गिरवून घेणारी बाई बघून ठेवलीय."

चर्चच्या मागच्या बालवाडीत टीचर लग्न झाल्यापासून होती. मेंढीटीचर हे नाव पोरांनी ठेवलं आणि त्यांच्या आयांनी टिकवलं. घरी सासूबाई रोज दारातच ऐकवायच्या, "आलीस खेळून? आता जरा कामाचं बघ." टीचर हसून पदर खोचायची. शिकवून शिकवून तिचे गुडघे सोलवटलेले असायचे, असं दुसऱ्या कुठल्या शिक्षकाचं दाखवा.

तिचा खेळ बायबलातलाच. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जातो, ती गोष्ट. इथे एक पोर लपायचं. मेंढपाळ झालेलं पोर बाकीच्यांच्या डोक्याला हात लावून मोजायचं, कोण कमी आहे ते ओळखायचं, मग सगळी मिळून शोधायची. नियम दोनच. मेंढरू सापडेपर्यंत कुणी डबा उघडायचा नाही, आणि सापडलं की पहिला घास त्याचा. पोटात कावळे ओरडत असले की साडेतीन वर्षांचं पोरसुद्धा मोजण्यात चूक करत नाही. बाकावर बसून माणूस शहाणा होत असता तर ती कमिटी एवढ्यात कुठल्या कुठे पोचली असती.

सेक्रेटरीसाहेब म्हणजे रिटायर माणूस, इस्त्रीच्या शर्टात घातलेली पट्टी. चर्चमध्ये पहिल्या बाकावर एकटाच बसायचा, कारण शेजारी कुणी टेकलं की त्याचे बूट, त्याचा सूर, त्याचं आमेन, सगळं तपासायचा. लोकांनी तो बाक त्याला सोडूनच दिला होता.

शुक्रवारी तो, चर्चचे पाळकसाहेब आणि मोठ्या बाई येऊन पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर कसेबसे टेकले. मेंढपाळाची पाळी वर्गातल्या सगळ्यांत लहान पोरीची, पिटुकलीची होती. तिने आख्खा वर्ग न्याहाळला आणि सेक्रेटरीकडे बोट केलं.

"आज हे मेंढरू."

टीचर तिला थांबवायला पुढे झाली. पाळकसाहेब मात्र पोट धरून हसले. "जा साहेब. आपण सगळेच मेंढरं आहोत, दर रविवारी सांगतोच की मी."

पाळकांपुढे नाही कसं म्हणणार? सगळ्यांनी डोळे मिटले, टीचरसकट. वर्गातच लपायचं असतं हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बाहेर पडला आणि शेजारच्या सामानाच्या खोलीत, नाटकाच्या कपड्यांच्या कपाटात जाऊन बसला. त्या खोलीत पोरांना मनाई, टीचरचंही तिकडे कधी काम पडायचं नाही.

डोळे उघडतायत तोच चहा आला. मोठ्या बाई उठल्या. "बास झालं. डबे खा, आणि मी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. टीचर, तुम्ही ऑफिसात चला."

ऑफिसात टीचर उभी, बाकीचे बसलेले. सेक्रेटरीचा कप तसाच.

"साहेब कुठायत?" पाळकांनी बिस्कीट बुडवत विचारलं.

"गेले असतील रागावून. कुणीही गेलं असतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी बाक सांगून टाकते."

पाळकसाहेबांनी मान हलवली आणि दुसरं बिस्कीट घेतलं. एवढ्या मोठ्या कळपाचा मेंढपाळ, पण उठून बघितलं नाही. टीचरला वाटलं, संपलं. तिला आपला टॉवेल आठवला, तो आज घरी न्यायला हवा.

सगळे वर्गात परत आले तर पोरं जागेवर. डबे मांडीवर, झाकणावर हात. एक तर भुकेने मुसमुसत होता.

"उघडा डबे," मोठ्या बाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"बघितलंत? सांगितलेलं ऐकतच नाहीत."

"एक कमी आहे," पिटुकली म्हणाली.

टीचरने मोठ्या बाईंकडे बघितलंच नाही. "शोधा," ती म्हणाली.

पोरं सुटली. वर्ग पालथा घातला, बाहेर धावली, मनाई असलेल्या खोलीत घुसली. पिटुकलीने दोन्ही हातांनी कपाटाचं दार ओढलं. आत राजाच्या झग्याखाली सेक्रेटरी, गुडघे हनुवटीशी, कॉलरला देवदूताचा एक पंख अडकलेला.

"अहो, कडी लागली वाटतं," मोठ्या बाई धावल्या. "हाक तरी मारायचीत."

"मी मुद्दाम बसलो होतो," तो म्हणाला.

पिटुकलीने त्याचं बोट धरून त्याला चटईवर नेलं आणि आपलं केळं त्याच्या तोंडापुढे धरलं. पहिला घास त्याचा. त्याने खाल्ला. मग झाकणं उघडली.

कमिटीत त्याने एकच वाक्य टाकलं, बाक नकोत. टीचर राहिली. वार्षिक सभेत 'खेळातून शिक्षण' ही म्हणे त्याचीच योजना होती, हारही त्यालाच पडला. टीचरने मागे बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन पदराचे पंख करून त्याची नक्कल केली. सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. "म्हणे मुद्दाम. कडी उघडता येईना आणि हा शाळा चालवणार." सगळी मंडळी वर्षभर हेच बोलून हसत होती.

पुढच्या वर्षी ते कपाट वर्गात घ्यायचं ठरलं. पोर आत अडकायला नको म्हणून टीचरने सुताराला बोलावलं आणि म्हणाली, "आधी कडी काढून टाक."

सुताराने दार उघडलं, लावलं, आतून बाहेरून हात फिरवला.

"कुठली कडी, बाई? ह्याला कडी कधी नव्हतीच. दारच लागत नाही नीट. बोटभर उघडंच राहतं."